लोकदैवते, स्थलांतर आणि ऱ्हासाची भाषा

१

मराठीतील लोकसाहित्यविचाराने पुरावा न मागता जी गृहीतके स्वीकारली आहेत, त्यांत 'लोकधर्म गावात असतो आणि शहरात तो संपतो' हे गृहीतक सर्वांत बलिष्ठ म्हणावे लागेल. ते इतके अंगवळणी पडले आहे की, त्याची सिद्धता देण्याची गरज कोणास भासत नाही. लोकदैवतांवरील प्रबंधाची पहिली पाच प्रकरणे कथा, विधी, गीते व यात्रा यांच्या नोंदींनी भरलेली असतात आणि उपसंहारात 'नागरीकरणाच्या व औद्योगिकीकरणाच्या रेट्यामुळे या परंपरांचा झपाट्याने ऱ्हास होत आहे' हे वाक्य येते. आधीच्या पाच प्रकरणांतील एकही नोंद या वाक्याकडे नेत नाही. ते वाक्य प्रबंधाच्या आधीच ठरलेले असते.

या गृहीतकाचा परिणाम केवळ उपसंहारापुरता राहत नाही. सामग्रीच्या निवडीवरही त्याचा अंमल चालतो. गावातील अंगणात उभा राहिलेला गोंधळी 'विधिनाट्य' सादर करतो आणि तोच गोंधळी परळच्या चाळीतील लग्नघरी आला की 'विधीचे व्यावसायिकीकरण' करतो, असे लिहिले जाते. गोंधळी तोच, संबळ तेच, ज्या कुळासाठी गोंधळ घालायचा ते कुळही तेच; गावातही तो दक्षिणा घेतच होता. बदललेली असते ती अभ्यासकाची दृष्टी. अस्सल काय याचा निर्णय सामग्रीवरून न होता सामग्री कोठे सापडली यावरून होऊ लागला, म्हणजे अभ्यासाची जागा भौगोलिक पूर्वग्रहाने घेतली असे समजावे.

ऱ्हासाची ही भाषा तीन कारणांनी त्याज्य आहे. ती लोकदैवतांच्या घडणीविषयी मराठीतच सिद्ध झालेल्या ज्ञानाच्या विरोधात जाते. ज्या गावाचा आधार घेऊन ती शहराला नापास करते, त्या गावाच्या वर्तमानाकडे ती पाहत नाही. आणि लोकधर्मातून जाणीवपूर्वक बाहेर पडलेल्यांचा निर्णय ती 'हानी' या सदरात जमा करते. यांतील तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे.

२

प्रथम सैद्धांतिक बाजू पाहता येईल. गाव आणि शहर यांना दोन टोके मानून, पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना श्रद्धा पातळ होते, समूह विस्कटतो आणि व्यक्ती सुटी होते, असे चित्र रॉबर्ट रेडफिल्ड यांनी युकातानमधील चार वस्त्यांच्या तुलनेतून १९४१ मध्ये मांडले. लोक-नागर सातत्याचा हा विचार भारतीय समाजशास्त्रात आणि तेथून लोकसाहित्यविचारात झिरपला. पण ऑस्कर लुईस यांनी १९५२ मध्येच मेक्सिको शहरात स्थायिक झालेल्या तेपोत्स्लान गावच्या कुटुंबांचा अभ्यास करून, शहरात आल्याने त्यांची कुटुंबव्यवस्था मोडलेली नाही व धर्माचारही क्षीण झालेला नाही, असे दाखवून दिले होते. रेडफिल्ड यांचा विचार मराठीत रुळला. लुईस यांचा आक्षेप मात्र वाटेतच राहिला. उसनवारीवर आक्षेप असण्याचे कारण नाही. उसन्या घेतलेल्या सिद्धान्तावरील वाद मात्र मागे ठेवून येणे हा अर्धवट व्यवहार आहे.

परंतु मेक्सिकोपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. लोकदैवते स्थिर असतात, मातीला चिकटलेली असतात, ही समजूत महाराष्ट्रातील संशोधनानेच खोटी ठरवली आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील मातृदेवतांच्या ठाण्यांची छाननी करून, ही ठाणी भटक्या समूहांच्या प्राचीन वाटा जेथे एकमेकींस मिळतात तेथे आढळतात, असे प्रतिपादन केले. गुंथर सोंथायमर यांचे बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील संशोधन (मूळ जर्मन १९७६, इंग्रजी १९८९) कळपांच्या मागून फिरणाऱ्या देवांचेच संशोधन आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. या तिन्ही संशोधकांच्या पद्धती भिन्न आहेत, निष्कर्षांत मतभेद आहेत; पण दैवताचा इतिहास हा माणसांच्या हालचालींचा इतिहास असतो, या मुद्द्यावर त्यांचे एकमत आहे.

दैवतकथा तर हे उघडच सांगतात. सोनारीहून धनगर भक्ताच्या पाठोपाठ वीरला आलेला म्हस्कोबा, वृद्ध भक्ताला कडेपठार चढवेना म्हणून जेजुरीच्या खालच्या गडावर उतरलेला खंडोबा, भक्ताच्या मागून चालताना त्याने अटीविरुद्ध मागे वळून पाहिले म्हणून वाटेतच थांबलेली देवी, या कथा महाराष्ट्रात तालुक्यागणिक सापडतात. तुळजापूरला जाणे दुष्कर झाले तेव्हा शिवाजीमहाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, ही घटना त्याच तर्काची राजकीय आवृत्ती होय. भक्ताचे जाणे, देवाचे मागून येणे आणि नव्या जागी नव्या शर्तींवर बसणे, अशी या कथांची संरचना आहे. म्हणजे स्थलांतर हे लोकधर्मावर बाहेरून कोसळलेले संकट नसून लोकधर्माचे ते एक रचनातत्त्व आहे. धनगर कळप घेऊन निघाला आणि देव त्याच्यामागे आला, की ती 'उत्पत्तिकथा' ठरते आणि कोकणातला कुणबी बोटीने वा एसटीने मुंबईला निघाला आणि देव त्याच्यामागे आला, की तो 'ऱ्हास' ठरतो. या दोन संज्ञांमधील भेदाला काळाच्या अंतराखेरीज कोणताही आधार देता येत नाही.

३

ज्या गावाला मापदंड मानले जाते त्याची स्थिती काय आहे? कोकणाचे उदाहरण येथे निर्णायक आहे, कारण मुंबईच्या कापडगिरण्यांना, गोदीला आणि घरगुती कामाला माणसे पुरविण्याचे काम रत्नागिरी जिल्ह्याने (१९८१ पर्यंत सिंधुदुर्गही त्यातच होता) शतकाहून अधिक काळ केले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या एका आकड्यात कोकणातील गावाची रचना दिसते : कर्ता पुरुष मुंबईत, स्त्रिया व वृद्ध गावात, आणि दोहोंना जोडणारी मनीऑर्डर. असे गाव शहराच्या विरुद्ध टोकाला उभे आहे असे मानणे म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्यांना दोन घरे मानणे होय.

गिरणगावात एकेका गावच्या मंडळींच्या खोल्या असत. पाळीपाळीने कामाला जाणारे वीस-पंचवीस गडी एका खोलीत राहत, खाणावळीत जेवत आणि महिन्याची वर्गणी काढत. त्या वर्गणीतून आजाऱ्याला गावी पाठवण्याचा खर्च निघे, भजनाचा मृदंग येई आणि ग्रामदेवतेच्या उत्सवाचा वाटाही निघे. 'अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई' या नावाने चालणाऱ्या संस्थांचे मूळ या खोल्यांत आहे. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. वर्षभर कुलूप असलेली घरे त्या दिवसांत उघडतात, कारण दार बंद असलेल्या घरासमोर देवाने यावे हे कोणालाच रुचत नाही. चाकरमान्याची रजा आणि पालखीचा फेर यांचा मेळ घालणे हा गावकीच्या बैठकीतील विषय असतो. मुंबईच्या वेळापत्रकाचा गावच्या देवाच्या फिरण्याशी असा थेट संबंध आहे, आणि तो आजकालचा नाही.

यातला वाङ्मयीन पुरावा अधिक महत्त्वाचा आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडेच पाठ फिरवावी हे आश्चर्य आहे. दक्षिण कोकणातील गाऱ्हाणे हा एक मौखिक भाषणप्रकार आहे. गुरव, घाडी किंवा मानकरी देवासमोर उभा राहून बारा-पाचाच्या देवस्थानांची, शिवेवरच्या राखणदारांची नावे घेतो, चुकभूल पदरात घ्यायला सांगतो आणि मागणे मांडतो; जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून प्रत्येक मागण्याला रुजुवात देतात. संकलकांनी गाऱ्हाण्याची 'संहिता' उतरवून घेतली ती बहुधा नामावळीच्या भागापुरती, कारण तो भाग जुना व स्थिर दिसतो. मागण्याचा भाग मात्र दरवेळी नवा असतो. त्यात पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेली लेकरे येतात, त्यांची नोकरी येते, परीक्षा येते, आखाती देशाचा व्हिसा येतो. हा भाग प्रक्षिप्त समजून गाळला जातो, आणि याच भागात दैवतकल्पनेतील मोठे स्थित्यंतर घडलेले आहे. ग्रामदेवतेची सत्ता शिवेपर्यंत असते. शीव हीच तिची व्याख्या. पण गाऱ्हाण्यात त्या देवीकडे लालबागच्या खोलीत झोपलेल्या माणसाची राखण मागितली जाते. म्हणजे तिचा अधिकार भूमीवरून माणसावर सरकला. आता गावची माणसे जेथे असतील तेथवर तिची शीव पोहोचते. हा सिद्धान्त कोणा पंडिताने मांडलेला नाही. तो गाऱ्हाण्याच्या वाक्यरचनेत सिद्ध झाला आहे. नामावळी जपून ठेवून मागणे गाळणाऱ्या संकलनाला तो दिसणार नाही, हे उघड आहे.

जीर्णोद्धाराचा प्रश्नही असाच आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, लाकडी खांब आणि कौलारू छप्पर असलेली देवळे पाडून सिमेंटचे शिखर, संगमरवरी फरशी आणि रंगवलेला कळस यांची देवळे कोकणात उभी राहिली, त्यांमागे बहुतांशी मुंबईचा पैसा आहे. कोरीव खांब गेले याचे दुःख रास्त आहे. ते कलाकृतीच्या नाशाचे दुःख आहे आणि त्या नावानेच ते व्यक्त व्हावे. पण त्याला लोकधर्माचा नाश म्हणता येणार नाही. देऊळ पाडायचे की नाही, यासाठी देवाला कौल लावावा लागतो आणि तो कौल लावण्याचा अधिकार गावातील गुरवाकडे असतो. मुंबईकर पैसा देऊ शकतो, पण कौल देऊ शकत नाही. पैसा एकीकडे व संमती दुसरीकडे असलेली ही रचना म्हणजे दोन प्रकारच्या अधिकारांमधील वाटाघाट आहे. तिचा निकाल नव्या सभामंडपाच्या भिंतीवर वाचता येतो. पूर्वी देवळातील स्थान जन्माने ठरे : पहिला नारळ कोणाचा, पालखीचा पहिला खांदा कोणाचा, होळीचा मान कोणाचा. आता भिंतीतील संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे रकमांच्या उतरत्या क्रमाने येतात. दोन्ही याद्या एकाच देवळात नांदतात आणि त्यांचे पटत नाही, तेव्हा पालखी अडते, प्रकरण प्रांताधिकाऱ्यांपर्यंत जाते. आणखी एक गोष्ट त्या पाटीवर दिसते. वर्षभर देवळाचा सडा-सारवण, दिवाबत्ती आणि ओटी सांभाळणाऱ्या स्त्रियांची नावे जन्माच्या यादीत नव्हती, रकमेच्या यादीतही क्वचितच आहेत. ऱ्हासाच्या भाषेला यांतले काहीही सांगता येत नाही, कारण 'पूर्वीचे देऊळ सुंदर होते' या वाक्यापाशी ती थांबते.

४

शहरात काय घडले, हे पाहण्यासाठी शहराकडे पाहावे लागते. ज्या मुंबईला लोकधर्माची स्मशानभूमी मानले जाते, तिचे नावच कोळ्यांच्या देवीवरून आले आहे. आणि ती देवीदेखील विस्थापित आहे. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात असलेले तिचे जुने देऊळ इंग्रजी अमदानीत किल्ल्याच्या गरजेपुढे हटले आणि ती भुलेश्वर-काळबादेवीच्या बाजारपेठेत येऊन बसली. तिथे कोळ्यांबरोबर गुजराती व्यापाऱ्यांनीही तिला आपले मानले. या नगरीची पहिली स्थलांतरित तिची देवता आहे असे म्हटले, तर ते अलंकारिक विधान होणार नाही.

लालबागचा गणपती हे याहून बोलके उदाहरण आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद पडला तेव्हा उघड्यावर आलेल्या कोळी व अन्य विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला. जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये गणपती बसवला तो कोळ्याच्या वेषातला. आज त्या गणपतीभोवती जे काही उभे आहे, त्याबद्दल हवी तेवढी टीका करता येईल. पण त्याची जन्मकथा ही धंद्याची जागा गमावलेल्या माणसांनी केलेल्या नवसाची कथा आहे. कोणत्याही ग्रामदेवतेच्या स्थानकथेशी ती घटकशः जुळते : संकट, नवस, जागेची प्राप्ती, स्थापना. विसाव्या शतकात, गिरण्यांच्या धुरात घडलेली ही लोकदैवतकथा लोकसाहित्याच्या पाठ्यपुस्तकांत नाही. तिचे वय कमी पडते, एवढेच तिच्या विरुद्ध सांगता येईल.

पुण्यात मटणाच्या दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी दिसते. हवेली तालुक्यातील वाडे बोल्हाई येथील देवी ज्यांची कुलदेवता आहे, त्या कुटुंबांना बोकडाचे मांस वर्ज्य व मेंढीचे ग्राह्य असते. ज्या देवीच्या ठाण्याची नोंद कोसंबींनी घेतली, तिचा निषेध आज शहरातील दुकानदाराच्या पाटीवर चालतो. देऊळ दूर राहिले, यात्रेला जाणे होते वा होत नाही. पण रविवारच्या स्वयंपाकघरात देवीची आज्ञा पाळली जाते. लोकधर्म शहरात कोठे राहतो, या प्रश्नाचे उत्तर देवळे मोजून मिळत नाही. ते रेशनकार्डावरील पत्त्यात, जेवणाच्या ताटात, घराच्या टाकात आणि सुटीच्या अर्जात शोधावे लागते.

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे उदाहरण मुद्दाम शेवटी घ्यावे, कारण तेथे प्रश्न अवघड होतो. १८०१ मध्ये माटुंग्याच्या देऊबाई पाटील या आगरी समाजातील सधन स्त्रीच्या खर्चाने लक्ष्मण विठू यांनी ते छोटे देऊळ बांधले. आपल्याला मूल नाही, इतर स्त्रियांना तरी व्हावे, ही त्यामागची भावना सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देऊळ वाढले, १९८० च्या स्वतंत्र कायद्याने त्याचा कारभार शासननियुक्त विश्वस्तांकडे गेला, नव्वदीच्या दशकात जुनी वास्तू जाऊन बहुमजली मंदिर उभे राहिले. येथे गावकी नाही, मानकरी नाही, कौल नाही. येथे रांग आहे. भक्ताचे देवाशी नाते कुळावरून ठरत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या भक्ताशी त्याचे कोणतेच नाते नसते. हे लोकधर्माचे रूप आहे काय?

उत्तर देण्यापूर्वी रांगेचा गुण मान्य करावा लागतो. रांगेत कोणी जात विचारत नाही. ज्या महाराष्ट्रात पंढरीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेथे हा गुण लहान नाही. परंतु रांगेलाही आडवाटा फुटतात. वजनदारांसाठी वेगळा दरवाजा निघाला, की जन्माचा मानकरी जाऊन पैशाचा वा पदाचा मानकरी येतो. तेव्हा प्रश्न लोकधर्म शिल्लक आहे की नाही, असा नसतो. मान ही संस्था कोणत्या नव्या निकषावर उभी राहिली, असा तो असतो. हाच प्रश्न कोकणातील संगमरवरी पाटीनेही विचारला होता. गाव आणि शहर यांना एकाच प्रश्नाच्या कक्षेत आणणारी ही संकल्पना मराठी लोकव्यवहारात आयती उपलब्ध असताना, ऱ्हासासारखी निरुपयोगी संज्ञा अभ्यासकांनी का उराशी धरावी?

५

आता तिसरे व सर्वांत गंभीर कारण. शहरात येऊन लोकधर्म ज्यांनी सोडला, त्यांचे काय?

मरीआई ही पटकी-देवीसारख्या साथींची देवता. तिचे ठाणे गावाबाहेर, तिची सेवा महारवाड्याकडे, आणि तिचा पोतराज अंगावर कोरडे ओढून घेत दारोदार फिरणारा. या सेवेला ग्रामव्यवस्थेत मान होता असे सांगितले जाते. तो मान गावाचे संकट स्वतःच्या अंगावर घेण्याचा होता. शिवेच्या आत बसण्याचा नव्हता. मुंबईतील गोदी, रेल्वे आणि गिरण्या यांनी या समाजातील माणसाला प्रथमच रोखीचा पगार दिला. बलुतेदारीच्या बाहेर जगता येते, हे त्या पगाराने दाखवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि जुनी दैवते न पूजण्याच्या प्रतिज्ञा दिल्या, त्या निर्णयामागे विचारांची दीर्घ परंपरा आहे. पण तो निर्णय पाळणे शक्य होण्यात शहरातील उपजीविकेचाही वाटा आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) गाव आणि मुंबईचा कावाखाना यांच्यातील येजा दाखवते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) रत्नागिरी परिसरातील घरांतून देव बाहेर निघण्याचा काळ स्त्रीच्या नजरेतून येतो. ही आत्मकथने लोकदैवतांच्या अभ्यासाची प्राथमिक साधने आहेत. त्यांत लोकधर्माचे वर्णन आहे आणि त्याचा निवाडाही आहे.

आता याच वास्तवाचे ऱ्हासाच्या भाषेत भाषांतर करून पाहावे. 'मरीआईची गीते लुप्त होत आहेत, पोतराजाची परंपरा नामशेष होत आहे, तरुण पिढी त्याबाबत उदासीन आहे.' हे वाक्य निरुपद्रवी दिसते. पण तरुण पिढी उदासीन नाही. तिने नकार दिला आहे. विचारपूर्वक, सामूहिकरीत्या आणि किंमत मोजून दिलेला नकार 'उदासीनता' म्हणून नोंदवणे हा शब्दांचा प्रमाद नव्हे. तो इतिहासाचा अपलाप आहे. आसूड ज्याच्या पाठीवर पडत होता त्याने तो खाली ठेवला, यात ज्याला सांस्कृतिक ठेव्याची हानी दिसते, त्याने तो ठेवा कोणाच्या अंगावर ठेवला होता हेही सांगितले पाहिजे.

यावर असे म्हटले जाईल की, अभ्यासक नोंद करतो, निवाडा करीत नाही. पण 'ऱ्हास' हा नोंदीचा शब्दच नाही. वाढ इष्ट आणि घट अनिष्ट, हा निवाडा त्या शब्दाच्या पोटातच आहे. निवाडा टाळायचा असेल, तर 'त्याग', 'नकार', 'बदली', 'विस्तार', 'वाटाघाट' अशा भिन्न प्रक्रियांना भिन्न नावे द्यावी लागतील. मरीआई सोडणे, बोल्हाई पाळणे, ग्रामदेवतेची शीव मुंबईपर्यंत ताणणे आणि सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहणे, या चार वेगळ्या क्रिया आहेत. त्यांना एकाच शब्दाच्या पोत्यात भरणारा अभ्यास कोणतीच क्रिया समजून घेत नाही.

६

ऱ्हासवादाला विरोध म्हणून अलीकडे उलट टोकाची भाषाही ऐकू येते. परंपरा नष्ट होत नाही, केवळ रूप बदलते. शहर हे श्रद्धेचे नवे अंगण आहे. सर्व काही प्रवाही आहे. ही भाषा अधिक सुखद आहे आणि तितकीच अपुरी आहे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू मोडले. ज्या खोलीतून वर्गणी निघत होती ती विकली गेली, ज्या चौकात भजन होत होते तेथे मनोरा उभा राहिला. चाळीच्या पुनर्विकासाच्या बोलण्यांत आवारातील देवळाच्या जागेचाही विषय अनेकदा निघतो. देवाला जागा मिळते, पण भाडेकरूंतील कित्येक उपनगरांपलीकडे फेकले जातात आणि नव्या देवळाभोवती त्यांच्यापैकी थोडेच उरतात. याला 'रूपांतर' म्हणून गौरवणे म्हणजे विस्थापनाला शोभिवंत नाव देणे. देव टिकला आणि भक्त गेला, हीही एक घटना आहे. प्रवाहाच्या रूपकात ती बुडून जाते.

या दोन्ही भाषांचा शासनाच्या भाषेशी असलेला संबंधही तपासला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असे बजावले आणि आधीच्या बांधकामांचा प्रकरणपरत्वे आढावा घेण्यास राज्यांना सांगितले. रस्ता सर्वांचा आहे, हे तत्त्व निर्विवाद आहे. पण त्या आढाव्यात कागद आणि वय हे निकष महत्त्वाचे ठरतात, आणि वय हाच लोकसाहित्याच्या अभ्यासकाचाही लाडका निकष आहे. ज्या देवस्थानाची ऐतिहासिक नोंद अभ्यासकांनी केली त्याच्या हाती पुरावा येतो. फलाटालगतच्या वस्तीने, नाक्यावरच्या मजुरांनी उभारलेल्या ठाण्याची नोंद कोणी केलेली नसते. नोंद न करणे ही तटस्थता आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि 'लोक' कोण, हा प्रश्नही येथेच येतो. जुहूच्या किनाऱ्यावरील छठपूजा २००८ मध्ये राजकीय वादाचा विषय झाली, तेव्हा मराठी लोकसाहित्यविचाराकडे तिच्याविषयी म्हणण्यासारखे काही नव्हते. वस्तुतः नदीकाठची पूजा समुद्रावर आणणारा भोजपुरीभाषक मजूर आणि ग्रामदेवतेची शीव लालबागपर्यंत आणणारा कोकणी चाकरमानी यांची कृती एकाच जातीची आहे. एकाला संस्कृती आणि दुसऱ्याला अतिक्रमण म्हणण्याची मुभा ज्या विद्याशाखेच्या मौनामुळे मिळते, तिने स्वतःस लोकांची विद्या म्हणवून घेण्यापूर्वी विचार करावा.

मग सर्वच लोकधर्म ठरेल, सीमारेषा उरणार नाही, असा आक्षेप संभवतो. सीमारेषा उरते, ती वयाने किंवा स्थळाने न आखता संबंधाने आखावी लागते. कोणत्याही दैवतस्थानाला, ते गावात असो वा उड्डाणपुलाखाली, तीन प्रश्न विचारता येतात. येथे मान कोणाचा आणि तो कशावरून ठरतो? खर्च कोण करते आणि राबते कोण? देवाच्या वतीने बोलण्याचा, कौल देण्याचा, गाऱ्हाणे घालण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो कोणी सोडला वा हिरावला? या प्रश्नांची उत्तरे जेथे समूहाच्या परस्परव्यवहारातून मिळतात, तेथे लोकधर्म आहे. जेथे ती केवळ तिकीटखिडकीवर मिळतात, तेथे तो नाही किंवा क्षीण आहे, आणि तेव्हा तसे म्हणता येईल. असे म्हणण्याला मग पुरावा असेल.

या बदलाची सुरुवात अभ्यासक्रमांपासून व्हावी. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत आज बसणारा विद्यार्थी अनेकदा याच स्थलांतराचा वारस असतो. त्याच्या घरी गावच्या पालखीची तारीख भिंतीवर लिहिलेली असते, किंवा देव्हारा काढून टाकल्याची आठवण आजी सांगते. लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यासाठी त्याला मात्र दूरच्या एखाद्या 'अस्पर्शित' वाडीवर पाठवले जाते आणि घरातील सामग्री ही सामग्री नव्हे, असे न बोलता शिकवले जाते. अशा वाडीवर पोहोचल्यावर त्याला भेटणारी पहिली व्यक्ती बहुधा मुंबईहून आलेल्या पैशांतून देवळाचा नवा कळस बसवण्याची तजवीज करीत असते. ती नोंद प्रबंधात यावी, परिशिष्टात नव्हे तर पहिल्या प्रकरणात. आणि उपसंहारातील ठरलेले वाक्य लिहिण्यापूर्वी मार्गदर्शकाने त्याचा पुरावा मागावा.